मैनेच्या पहिल्या संक्रांतीचा हलवा

मार्गशीर्ष वद्य ५, शके १७०७, बुधवार

दफ्तरात सतरा वर्षं दुसऱ्यांची पत्रं लिहितोय. घरी आल्यावर स्वतःसाठी बोरू उचलायची हौस कधी वाटली नाही. आज मात्र डोकं इतकं फिरलंय की कुणाशी बोलायला गेलो तर वावगं काहीतरी तोंडून निघेल. त्यापेक्षा जुन्या कागदांच्या कोऱ्या पाठी बऱ्या. निदान उलट उत्तर देत नाहीत.

शनिवार पेठेत व्याह्यांकडे गेलो होतो. मैनेचं लग्न वैशाखात झालं. नऊ वर्षांची आहे. तिची आई लग्नाआधीच, गेल्या वर्षीच्या भाद्रपदात गेली. लग्नानंतर मुलगी पाच-सहा वेळा तरी माहेरी येईल, निदान दिवाळीला तरी येईल, असं धरून चाललो होतो. दिवाळीला पाठवली नाही. म्हटलं, संक्रांतीला तरी पाठवा. आप्पासाहेब, म्हणजे आमचे व्याही, पान चघळत माजघराच्या दाराकडे बघत बसले. त्या घरात काय व्हायचं ते त्या दारातून ठरतं.

विहीणबाई उंबऱ्यापाशी येऊन म्हणाल्या, "पाठवायला आमची ना नाही, पंत. पण पाठवायची कुठं? ज्या घरात बाईमाणूस नाही तिथं मुलीची वेणी कोण घालणार?"

मी म्हटलं, माझी थोरली बहीण आहे घरी. त्यावर त्यांनी तोंड फिरवलं. त्यातच सगळं आलं. आक्का बाराव्या वर्षी नवरा गेल्यापासून सोवळी आहे. त्यांच्या हिशेबी ती घरात असून नसल्यासारखी. आणि खरं लिहायचं तर मीसुद्धा ते वाक्य जरा खालच्याच आवाजात बोललो.

मग त्यांनी आपली अट सांगितली. पहिल्या संक्रांतीचं वाण माहेराहून यायचं असतं. ते येऊ द्या. पण हलवा बाजारचा नको, शेजारणीच्या हातचा नको. घरच्या हातचा हवा, पाच जातींचा आणि काट्याचा. "तुमचं घर उभं आहे हे मला दिसू दे, मी मुलगी पाठवते," म्हणाल्या.

मैना पाण्याचा तांब्या घेऊन आली. डोक्यावरून पदर. तांब्या ठेवला आणि तिथंच उभी राहिली. हळूच विचारलं, "तात्या, कपिला व्याली का?" म्हटलं, व्याली, कालवड झाली. आतून हाक आली तशी गेली. येताना ओंकारेश्वरापर्यंत मला रस्ता दिसत नव्हता.

मार्गशीर्ष वद्य ६, गुरुवार

ठरलं. हलवा मी करणार.

यात हसण्यासारखं काय आहे ते श्रीधरपंतांनाच ठाऊक. माझ्या शेजारच्याच बैठकीवर बसतात, त्यामुळे त्यांच्यापासून काही लपत नाही. म्हणाले, "बोरू धरणारा हात परातीत घालणार? मग आता सरकारी पत्रांना मुंग्या लागणार." मी म्हटलं, लग्नामुंजीत शंभर-शंभर पानांचा स्वयंपाक पुरुषच करतात की नाही? त्यावर म्हणाले, "करतात. पण ते आचारी असतात."

घरी आक्काला सांगितलं. ती ओटीवर फुलवाती वळत बसली होती. लाख वातींचा नेम धरलाय तिनं. म्हटलं, आक्का, हे सौभाग्याचं वाण आहे, मैनेच्या पहिल्या वर्षाचं. तुझा हात लागलेला चालायचा नाही. मनाला लावून घेऊ नकोस. शक्य तितक्या सौम्य शब्दांत बोललो. ती वात वळत होती ती पुरी वळून झाल्यावर म्हणाली, "बरं."

समजूतदार आहे. मला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं.

मार्गशीर्ष वद्य ११, मंगळवार

खराडीचा कुणबी संपत तीळ आणि कोळसे घेऊन आला. आमच्या घरचं दूधही एका परीनं त्याच्याच गावचं. कपिला त्याच्याकडूनच घेतलेली. तीळ पांढरेशुभ्र, हातात घेतले की निसटतात. त्याला सांगितलं की हलवा मीच करणार, तर कोळशाचं पोतं खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

"तीळ नवं हाय, पंत," म्हणाला. "पर ह्ये काम बायामाणसाचं हाय. आमच्या घरला सून करती, तर तिला चार दीस आमी दुसरं काय सांगत न्हाय."

म्हटलं, चार दिवस तर मीही देऊ शकतो. पांढरी साखर आणलीय. लवंगा, वेलदोडे, खसखस, बडीशेप घरात आहे. तीळ धरून पाच जाती झाल्या. आक्कानं न सांगता पितळी परात कल्हई करून आणवली. तेवढं तिला करू दिलं.

मार्गशीर्ष वद्य १३, गुरुवार

वाईट झालं.

वाणाचं काम म्हणून कुठं उणं राहू नये, असं मनात होतं. पहाटे विहिरीवर स्नान केलं आणि ओलेत्यानंच शेगडीपुढे बसलो. ओलेत्याहून शुद्ध काय असणार? परातीत तीळ, खाली निखारे, शेजारी पाक. एक पळी पाक सोडायचा, बोटांनी तीळ फिरवत राहायचं, पाक वाळला की पुढची पळी. ऐकायला किती सोपं. धोतरातून पाणी ठिबकतंय, निखाऱ्यांवर चुरचुरतंय, वाफ वर परातीत जातेय. मी थंडीनं कुडकुडतोय आणि तरी कपाळाला घाम. दोन घटका फिरवल्यावर परातीत पिठल्यासारखं काहीतरी झालं. कपिलेनं आवडीनं खाल्लं.

आक्का दाराबाहेर पाठ करून बसली होती. पाठ न वळवता म्हणाली, "ओलेत्यानं हलवा होत नाही, यज्ञा. हलव्याला कोरडी हवा लागते. रेशमी मुकटा नेस. तोही सोवळ्यातच चालतो."

म्हटलं, आधी का नाही सांगितलंस. म्हणाली, "माझा हात नको म्हणालास. तोंडाचं मला काय ठाऊक?"

पौष शुद्ध १, रविवार

काल अमावस्या, म्हणून हात लावला नाही. आज मुकटा नेसून बसलो.

पाक दाट झाला. दाट पाकानं काम लवकर उरकेल असा माझा अंदाज होता. दाट शाईनं एका ओढीत अक्षर ठळक येतं, तसंच हे, असं वाटलं. सगळे तीळ एकमेकांना चिकटून भाकरीएवढी ढेप झाली. ती फोडायला खलबत्ता घ्यावा लागला. बोटं पोळली म्हणून पळीनं ढवळत होतो, त्यानं उरलेसुरले दाणेही फुटले. पळीनं का ढवळतोस म्हणून आक्कानं दारातून विचारलं, तेव्हा मी जरा तोडून बोललो. म्हटलं, तुला इथं बसायला कुणी सांगितलंय?

ती उठून गेली. मग मी एकटाच ढेपेपुढे बसून राहिलो. आठ दिवस राहिले. मैना आली नाही तर पुढं कधी येणार? चैत्रात काही निमित्त नाही. वैशाखात तिच्या सासरी कुलधर्म. मुलगी एकदा मोठी झाली की माहेर तिला पाहुण्यासारखं होतं, हे मी दहा घरी पाहिलंय. त्याआधीची वर्षं हातात असतात, आणि मी ती खलबत्त्यात कुटत बसलोय.

पौष शुद्ध ३, मंगळवार

आक्का पुन्हा दारापाशी बसली. माझ्या रविवारच्या बोलण्याची तिनं आठवणही काढली नाही.

पाक ताकाहून पातळ ठेवायला सांगितला. दूध घालून उकळून मळी काढली. निखाऱ्यांवर राख पसरली. "परात नुसती कोमट हवी," म्हणाली. "हात ठेवून रामरक्षेचे चार श्लोक म्हणता आले पाहिजेत." पळी अर्धीच सोडायची. बोटं परातीच्या तळाला लावून दाणे हळू फिरवायचे, मांजराच्या पाठीवरून फिरवतात तसे. जोर लावला की काटा मोडतो. काटा म्हणजे साखरेचे टोकदार फुटवे. दाण्यावर साखर नुसती बसली तर ती गोळी, काटा आला तर हलवा.

दीड प्रहर बसलो. तीळ पांढरे झाले खरे. काटा मात्र कुठंच नाही. बोडकेच. दफ्तराची वेळ झाली म्हणून परातीवर पातळ फडकं टाकलं, पाक झाकला आणि निघालो. आक्काला बजावलं, मांजर फिरकू देऊ नकोस, बाकी कशाला हात लावू नकोस.

पौष शुद्ध ४, बुधवार

काटा आला.

काल संध्याकाळी आल्या आल्या फडकं काढून पाहिलं तेव्हाच मला शंका आली होती, पण उजेड कमी होता. आज सकाळी उन्हात धरून पाहिलं. प्रत्येक तिळाला काटा. बारीक, टोकदार, चांदण्यासारखा. मी काल सकाळी परातीपुढून उठलो तेव्हा बोडके होते, आणि मी नसताना फुलले.

यावर बराच विचार केला. हलव्याला विश्रांती लागते हे मुख्य. साखर आधी बसते आणि मग गारव्यानं स्वतःच फुटते, जशी थंडीत तुपाची कणी पडते. हे कुठल्या बाईनं मला सांगितलं नव्हतं, माझं मलाच कळलं. आक्काला समजावून सांगितलं. ती नुसती "असेल" म्हणाली.

पौष शुद्ध ५, गुरुवार

खसखस आणि बडीशेप एका दिवसात झाली. सकाळी दोन-दोन पळ्या द्यायच्या आणि झाकून जायचं. संध्याकाळी काटा तयार. माझी रीत आता बसली.

संपतच्या कोळशांचं कौतुक करायला हवं. संध्याकाळी आलो तरी शेगडी ऊन असते. दिवसभर धग धरणारे कोळसे मी प्रथमच पाहिले. पाक मात्र मुंग्या खातात असं दिसतं. सकाळी भांडंभर ठेवला तर संध्याकाळी तळाला जातो. पाण्यात ठेवायला पाहिजे.

श्रीधरपंतांना दाखवायला चिमूटभर खसखशीचा हलवा घेऊन गेलो. नैवेद्याआधीचा, म्हणून खायला नाही दिला, नुसता दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला. मी माझी रीत सांगितली. म्हणाले, "झाकून ठेवलं की वाढतं म्हणता? आमच्या घरी झाकून ठेवलेली वस्तू नेहमी कमीच होते. तुमच्या घरी कोण आहे, पंत?" म्हटलं, कोण असणार, आक्का आहे. श्रीधरपंत चष्मा पुसत राहिले आणि मग स्वतःच्या कागदाकडे वळले.

पौष शुद्ध ७, शनिवार

लवंगेनं जीव खाल्ला. लवंग गुळगुळीत आणि लांबुडकी. तिच्यावर साखर टिकतच नाही, पाक घसरून परातीला चिकटतो. आक्का म्हणाली की लवंगेला आधी पातळ पाकाचे पाच हात द्यावे लागतात, ते कोरडे होईपर्यंत बोट थांबवायचं नाही. पण वीस-वीस पळ्यांचं काम म्हणजे माझ्यासारख्या सुट्टी नसलेल्या माणसाला अवघड आहे. झाकून तर ठेवलीय.

घरात थोडं बिनसलंय. आक्काच्या हाताला काय झालंय कळत नाही. दोन दिवस भाकरी जाड होतेय, कडा फुटतात. पानात वाढताना पळी घट्ट न धरता दोन तळव्यांत पकडते. लाख वातींचा नेम म्हणणारी बाई, तीन दिवसांत एक वात वळलेली नाही. माझ्या लक्षात आलंय, तिला हलव्यापासून लांब ठेवलं त्याचा राग आहे. तोंडानं बरं म्हणायचं आणि कामं टाकायची. मी काही बोललो नाही. पण मैना आली की हिनं तोंड पाडून बसू नये एवढंच.

पौष शुद्ध ८, रविवार

बोललो. बोलायला नको होतं.

जेवताना आमटी सांडली. आक्कानं वाटी धरली आणि सोडून दिली, जणू तिला विंचू डसला. माझ्या मुकट्यावर पडली. वाणाचं काम चालू असताना मुकटा खराब. मी म्हटलं, तुझ्या मनात मैनेनं यावं असं नाहीच वाटतं. हे असं म्हणून गेलो. ती फडकं घेऊन खाली वाकून जमीन पुसत राहिली. वर पाहिलं नाही. म्हणाली, "लवंग बघितलीस?"

उठून पाहिली. लवंगेवर काटा होता. अशी लवंग मी आमच्या आईच्या हातचीही पाहिली नव्हती. लांब गोळ्यावर चारही बाजूंनी सारखा, बर्फीच्या वर्खासारखा पांढरा. मला इतका आनंद झाला की आमटीचं विसरूनच गेलो. वेलदोडाही होत आलाय. उद्या भोगी, उद्याच वाण पोचवायचं.

पौष शुद्ध ९, सोमवार, भोगी

जसं झालं तसं लिहितो.

दुपारी संपत सूप घेऊन पुढे आणि मी मागे. सुपात पाच वाट्या, तिळगूळ, ऊस, बोरं, हरभरा. शनिवार पेठेपर्यंत सगळा रस्ता त्याला सांगत गेलो, हळू चाल, काटा मोडेल. "पंत, मी काय खड्ड्यातनं चाललोय व्हय," असं दोनदा म्हणाला.

विहीणबाईंनी पाटावर सूप ठेवून घेतलं. पदर सावरून बसल्या आणि एकेक वाटी पुढे घेतली. तीळ हातावर घेतले, उन्हाकडे धरले. खसखस. बडीशेप. वेलदोडा. लवंगेची वाटी त्यांनी सगळ्यात शेवटी घेतली आणि सगळ्यात जास्त वेळ पाहिली. मी माझी रीत सांगायला लागलो होतो. पातळ पाक, राख, विश्रांती, गारवा.

"कुणी केला?" त्यांनी मध्येच विचारलं.

"मी."

"हात बघू."

मी हात पुढे केले. दफ्तरातून तसाच आलो होतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई. अंगठ्याला बोरूचा घट्टा. बाकी सगळी बोटं स्वच्छ. प्रतिपदेला ढेप करताना जो एक फोड आला होता तोसुद्धा बरा झालेला.

विहीणबाई हातांकडे पाहत राहिल्या. मीही पाहत राहिलो. आणि मग माझ्या डोळ्यांपुढे एकेक येत गेलं. संध्याकाळी ऊन असलेली शेगडी. मुंग्यांनी खाल्लेला पाक. जाड भाकरी. न वळलेल्या वाती. दोन तळव्यांत धरलेली पळी. ऊन आमटीची वाटी. इतकी वर्षं दुसऱ्याच्या पत्रातला आडपडदा ओळखणारा मी कारकून, आणि माझ्या घरात सहा दिवस काय चाललं होतं ते मला शनिवार पेठेत येऊन, माझ्याच हातांवर वाचावं लागलं.

वाण बाटलं म्हणतील, सूप परत पाठवतील, आणि मैना पुन्हा उंबऱ्याबाहेर दिसायची नाही. खोटं रेटून न्यावं असं मनात आलं. पण हात पुढेच होते, मागे घेता येईनात.

विहीणबाईंनी पाचही वाट्या सुपात नीट मांडल्या. उठल्या. सूप घेऊन आत गेल्या. मी दारातून पाहिलं. त्या देवघरापुढे वाकल्या आणि सूप देवापुढे ठेवलं.

परत आल्या तेव्हा हातात पळसाच्या पानाचा द्रोण होता, लोण्यानं भरलेला.

"परवा करिदिन," म्हणाल्या. "तो गेला की द्वादशीला मुलगी पाठवते. पौर्णिमेपर्यंत राहू दे. आणि हे लोणी न्या. ज्या बोटांना लागेल त्या बोटांना लावा. कुणाची ते मी विचारलेलं नाही, तुम्हीही सांगू नका."

मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाल्या, "आमच्याही घरात सासूबाई होत्या, पंत. माझ्या पहिल्या संक्रांतीला माहेराहून आलेली लवंग कुणाच्या हातची, ते त्यांनीही विचारलं नव्हतं."

घरी आलो तो आक्का ओटीवर बसली होती. एवढंच विचारलं, "वाटेत काटा मोडला नाही ना?" मी द्रोण तिच्यापुढे ठेवला. सोवळ्यात होती, त्यामुळे मला तिला शिवता येत नव्हतं. म्हटलं, हात बघू. तिनं हात पदराखाली घेतले. मी पुन्हा म्हटलं. मग दाखवले. दहाही बोटांची टोकं सोललेली. दोन ठिकाणी कातडीच नाही. त्या बोटांनी तिनं भाकऱ्या थापल्या, आणि मी त्या जाड झाल्या म्हणून लिहून ठेवलं.

म्हटलं, मला सांगायचं नाहीस?

"सांगितलं असतं तर तुला तिथं 'मी केला' असं म्हणता आलं नसतं," म्हणाली. "तुला खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून येत नाही." मग लोण्याचा वास घेऊन म्हणाली, "ताजं आहे. विहीण शहाणी आहे."

पौष शुद्ध १०, मंगळवार, संक्रांत

परवाची, अष्टमीची पानं पुन्हा वाचली. फाडून टाकावीशी वाटली. फाडली नाहीत. राहू देत.

आज सगळ्यांच्या आधी आक्काला तिळगूळ दिला. आजवर ती मला देत होती आणि मी घेत होतो. भाकऱ्या मी केल्या. त्यांबद्दल काही न लिहिलेलं बरं.

पौष शुद्ध १२, गुरुवार

मैना आली.

मेण्यातून उतरली ती आधी गोठ्यात पळाली. कालवडीच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली आणि पदर खाली पडला तरी तिला भान नव्हतं. सासरी अंगावर घातलेले हलव्याचे दागिने, हार, बाजूबंद, वाकी, सगळे डब्यात घालून आणले होते. आक्कानं तिला पुढ्यात घेऊन केस सोडले आणि तेल लावायला घेतलं. बोटं अजून पुरती बरी नाहीत, म्हणून तळव्यानंच लावत होती. डबा मैनेच्या मांडीवर. एक लवंगेचा गोळा तोंडात टाकला, आणि साखर संपून लवंग लागल्यावर डोळे मिटून तोंडानं हवा आत ओढली. "थंड आणि तिखट," म्हणाली. "आत्या, तू लहान होतीस तेव्हा तुझेपण दागिने केले होते?"

"केले होते की," आक्का म्हणाली. "माझ्या आईनं. लवंगेचा बिंदी-बिजवरा सुद्धा. आणि मी माहेरी आले तर तुझा हा तात्या, पाच वर्षांचा, माझ्या मांडीवर बसून सगळा हार खाऊन टाकला यानं. एक एक गोळा दातानं दोऱ्यावरून काढून. मग बाजूबंद खाल्ले. दोरे तेवढे राहिले माझ्या दंडाला."

मैना खदखदा हसली. मला यातलं काही आठवत नव्हतं. मीही हसलो.

"तू त्याला मारलं नाहीस?"

"कशाला मारू. म्हटलं, खाऊ दे पोराला. पुढच्या वर्षी होतीलच की पुन्हा."

"मग पुढच्या वर्षी केले?"

"पुढच्या वर्षी नाही केले," आक्का म्हणाली आणि तिच्या केसांचे तीन पेड करून वेणी घालायला लागली.

मैनेला काही कळलं नाही. तिनं दुसरा गोळा तोंडात टाकला. मी उठून गोठ्यात गेलो आणि कपिलेला वैरण टाकली, सकाळीच टाकलेली होती तरी.

पौष शुद्ध १३, शुक्रवार

आज दफ्तरात गेलो नाही. श्रीधरपंतांना निरोप पाठवला की अंगात कसर आहे. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

उरलेल्या लवंगा घेतल्या, मूठभर. पातळ पाक केला. राख पसरली. मुकटा नेसून सकाळी बसलो तो दिवस कलेपर्यंत उठलो नाही. पळी घेतली नाही, बोटांनीच फिरवलं. झाकून कुठं गेलो नाही. दुसऱ्या प्रहरापर्यंत चारही बोटं पोळली. तिसऱ्या प्रहरी पाण्याचा तांब्या धरवेना. मैना दारातून विचारून गेली, "तात्या, आता कुणासाठी?" म्हटलं, तुझ्या आत्यासाठी. आक्का दारापाशी आली, बसली, आणि आज मला एका शब्दानंही काही सांगितलं नाही.

काटा आला नाही. चार-दोन गोळ्यांना नुसती खरखर आहे. बाकी बोडकेच, आणि एका बाजूनं पिवळट. देवापुढे ठेवला आणि मग वाटी आक्काच्या पुढे ठेवली. म्हटलं, हा तुझा. फार उशिरा झालाय.

तिनं एक गोळा उचलून उजेडात धरला. "पाक लागलाय," म्हणाली. दुसरा उचलला. "याला पाचाऐवजी तीनच हात दिलेस." मग मैनेला जवळ घेऊन भिंतीला टेकून बसली आणि दर गोळ्याला नावं ठेवत, मैनेला एकही न देता, सगळी वाटी खाल्ली.